पाळी जातानाच्या वाफा: औषध आधी आलं, कारण नंतर कळलं

ऐन डिसेंबरात रात्री अडीचला उठून पंखा पाचवर करायचा, शेजारी नवरा रजई नाकापर्यंत ओढून झोपलेला, आणि दहा मिनिटांनी घामाने भिजलेला गाऊन गार पडला की आपल्यालाच हुडहुडी भरते म्हणून परत उठून पंखा बंद. ज्यांना हे माहितीये त्यांना पुढचं सांगायला नको. आमच्या घरात याला कोणी हॉट फ्लश वगैरे म्हणत नव्हतं. आई म्हणायची अंगातनं वाफा निघतात गं, सासूबाई म्हणायच्या पाळी जायला लागली की गरमी फिरते अंगात, आणि दोघींचा उपाय एकच, पदराने वारा घ्यायचा आणि पुरुषमाणसांसमोर बोलायचं नाही. मी मात्र डॉक्टरकडे गेले, तर तिथेही "वयाचं आहे, होईल कमी" एवढंच मिळालं. मग डोक्यात आलं की इतक्या बायकांना इतकी वर्षं होतंय तर अजून उत्तर एवढंच का? म्हणून मागे मागे जाऊन वाचत बसले.

तर आपल्याकडचं सगळ्यात जुनं म्हणजे सुश्रुतसंहिता. त्यात सरळ लिहिलंय की पाळी बाराव्या वर्षाच्या सुमाराला सुरू होते आणि पन्नाशीला, म्हातारपणाने शरीर पिकलं की, संपते. विषय संपला. (आता भारतातल्या पाहणीत सरासरी वय ४६ च्या आसपास निघतं, पाश्चात्य देशांत ५१, म्हणजे आपल्या बायकांचं चार-पाच वर्षं आधीच आटपतं.)

मेनोपॉज हा शब्द मात्र तसा नवाच आहे, फ्रान्समधल्या गार्दान नावाच्या डॉक्टरने ग्रीक शब्द जोडून आधी १८१६ मध्ये एक अवघड रूप तयार केलं आणि १८२१ मध्ये त्याचं सुटसुटीत मेनोपॉज केलं. नाव मिळालं पण समज जुनीच राहिली, ती अशी की दर महिन्याला बाहेर जाणारं रक्त आता आतच साठतं आणि तेच डोक्यात चढतं. मग उपाय काय, तर रक्त काढा, जळवा लावा. लंडनच्या एडवर्ड टिल्ट यांनी १८५७ मध्ये याच विषयावर अख्खं पुस्तक लिहिलं, आणि त्या काळच्या औषधांत अफूसुद्धा होती. आता अफू दिल्यावर बाई शांत पडणारच, त्याला गुण आला म्हणायचं की नाही ते तुम्हीच ठरवा.

डॉक्टरांच्या या प्रकाराला कंटाळून बायका कुठे गेल्या ते जास्त मजेशीर आहे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावात लिडिया पिंकहॅम नावाची बाई घरच्या चुलीवर झाडपाल्याचा काढा करायची, १८७५ पासून तिने तो बाटलीतून विकायला काढला, बायकांच्या सगळ्या तक्रारींवर एकच औषध. त्यात ब्लॅक कोहोश नावाची मुळी होती आणि साधारण १८ टक्के अल्कोहोल होतं. बाटलीवर तिचाच आजीबाईसारखा फोटो, आणि जाहिरातीत लिहिलेलं की तुमची अडचण मला पत्राने कळवा. बायकांनी हजारोंनी पत्रं लिहिली, कारण पुरुष डॉक्टरला जे सांगता येत नव्हतं ते हिला लिहिता येत होतं. बाई १८८३ मध्ये वारली तरी तिच्या नावाने उत्तरं जातच राहिली, पुढे एका मासिकाने तिच्या थडग्याचा फोटो छापला तेव्हा लोकांना कळलं. ब्लॅक कोहोशच्या गोळ्या आजही ऑनलाइन मिळतात, चाचण्यांमध्ये कधी थोडा फायदा दिसतो कधी काहीच नाही, पण मला खरं तर काढ्यापेक्षा ती पत्रंच जास्त उपयोगी पडली असतील असं वाटतं.

मग आला हार्मोनचा जमाना. १८८९ मध्ये ब्राउन-सेकार्ड या बहात्तरीच्या शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या वृषणाचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि मी तरुण झालो म्हणून जाहीर केलं, लोक हसले, पण लगेच विचार सुरू झाला की मग बायकांना बीजकोषाचा (ओव्हरीचा) अर्क का नको. १८९० नंतरच्या दशकात गाईचे बीजकोष वाळवून त्याची पूड पाळी गेलेल्या बायकांना दिली जायला लागली. नेमकं त्यात काय काम करतं ते कोणालाच माहीत नव्हतं. १९२३ मध्ये अमेरिकेत ॲलन आणि डॉइझी यांनी बीजकोषातल्या हार्मोनचा, म्हणजे इस्ट्रोजेनचा, परिणाम दाखवला आणि १९२९ मध्ये डॉइझी यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळं काढलं, त्याच सुमाराला जर्मनीत बुटेनांटनेही काढलं. गंमत म्हणजे हे हार्मोन सापडलं गरोदर बायकांच्या लघवीत, कारण तिथे ते भरपूर असतं. कॅनडात त्यावरून औषधही निघालं पण ते महाग, आणि रोज इतकी लघवी आणायची कुठून, मग लक्ष गेलं गाभण घोडीकडे. १९४२ मध्ये अमेरिकेत प्रीमॅरिन या गोळीला मंजुरी मिळाली, आणि ते नाव म्हणजे प्रेग्नंट मेअर्स युरिन, गाभण घोड्यांची लघवी, हेच शब्द तोडून जोडलेले आहेत. कंपनीने लपवलं नाही बघा, नावातच सांगितलं, आपणच विचारलं नाही.

इथेच मला पहिल्यांदा खटकलं. १९४२ मध्ये गोळी दुकानात आली, वाफा थांबायच्या हे खरं, आजही त्याहून चांगलं औषध नाही असंच तज्ज्ञ म्हणतात. पण वाफ येते कशी, शरीरात नेमकं काय बिघडतं, हे तेव्हा कोणालाही माहीत नव्हतं आणि गोळीने काम भागतंय म्हटल्यावर शोधायची कोणाला फार घाईही नव्हती. ताप उतरवणारी गोळी मिळाली म्हणून ताप का येतो ते विचारायचंच नाही असं झालं ते.

पुढे १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाने एक पुस्तक काढलं, त्यात मेनोपॉज हा डायबेटिससारखा कमतरतेचा आजार ठरवला, इन्शुलिन कमी म्हणून इन्शुलिन घेतो तसं इस्ट्रोजेन कमी म्हणून इस्ट्रोजेन घ्या आणि कायम तरुण रहा, नवरे खूश रहातील वगैरे. पुस्तक तुफान खपलं. त्यामागे औषध कंपनीचा पैसा होता हे त्याच्या मुलाने फार उशिरा सांगितलं. १९७५ मध्ये मात्र एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एकाच वेळी दोन अभ्यास छापून आले की नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या बायकांत गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर कितीतरी जास्त दिसतोय. विक्री धाडकन खाली. मग उपाय निघाला की ज्यांची पिशवी शाबूत आहे त्यांना सोबत प्रोजेस्टेरॉनसारखं दुसरं हार्मोनही द्यायचं म्हणजे अस्तर वाढत नाही, आणि गाडी परत रुळावर.

त्याच १९७५ मध्ये आपल्या देशातलाही एक अभ्यास गाजला. मार्शा फ्लिंट या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईने राजस्थान आणि हिमाचलमधल्या ४८३ राजपूत बायकांशी बोलून लिहिलं की पाळी अनियमित होऊन थांबली यापलीकडे फारशा कोणी तक्रारीच केल्या नाहीत. तिचा अंदाज असा की तिथे पाळी जाणं ही शिक्षा नाही, बक्षीस आहे, कारण त्यानंतर बाई घुंगटातून बाहेर येते, पुरुषांसोबत बसून गप्पा मारू शकते. हे वाचल्यावर मला माझी आजी आठवली. महिन्याचे चार दिवस बाहेर बसणं, कावळा शिवला म्हणून स्वतंत्र ताटवाटी, लोणच्याच्या बरणीला हात नाही, देवघराकडे सावली नाही, हे पस्तीस वर्षं केल्यावर ज्या दिवशी ते संपलं त्या दिवशी ती "सुटले बाई" म्हणाली होती, आणि त्या वर्षी तिने एकटीने पंढरीची वारी केली. त्यामुळे बक्षीस हा शब्द मला पटतो. पण तक्रार केली नाही म्हणजे त्रास झाला नाही हे मात्र पटत नाही. आजीने कधी परक्या बाईला, तेही वही घेऊन बसलेल्या, माझ्या अंगातून वाफा येतात म्हणून सांगितलं असतं का? नंतरच्या भारतीय अभ्यासांत वाफा दिसतातच, आणि त्याहून जास्त सांधेदुखी, थकवा, झोप न येणं. जपानमध्ये मार्गारेट लॉक या कॅनेडियन संशोधक बाईलाही असंच दिसलं होतं, तिथल्या बायका खांदे आखडतात म्हणून सांगायच्या, आणि हॉट फ्लशसाठी तिथे एक ठराविक शब्दच नव्हता. शब्द नसेल तर प्रश्नावलीत तो त्रास येणार कुठून.

आता २००२. हे साल आमच्या घरात वेगळ्या कारणाने लक्षात आहे. आत्या तेव्हा बावन्न वर्षांची, बँकेत नोकरी, काउंटरवर बसल्या बसल्या घामाने निथळायची, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिला अक्षरशः नवा जन्म मिळाल्यासारखं झालं. त्या जुलैमध्ये पेपरात बातमी आली की हार्मोनच्या गोळ्यांनी ब्रेस्ट कॅन्सर होतो. आत्याने पट्टी कचऱ्यात टाकली आणि पुढची सहा वर्षं ओला रुमाल मानेला लावून काढली.

बातमी खोटी नव्हती. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या सरकारी अभ्यासात १६,६०८ बायकांपैकी निम्म्यांना दोन्ही हार्मोनची गोळी आणि निम्म्यांना नुसती दिखाऊ गोळी दिली होती, आणि सव्वापाच वर्षांनी तो मध्येच थांबवला. ब्रेस्ट कॅन्सर २६ टक्क्यांनी जास्त, हे सगळ्यांनी छापलं. २६ टक्के म्हणजे किती हे फार थोड्यांनी सांगितलं: दर वर्षी दहा हजार बायकांमागे ३० च्या ऐवजी ३८. आठ जास्त. हार्ट ॲटॅक आणि स्ट्रोकही थोडे जास्त, पण खुब्याचं हाड मोडणं आणि मोठ्या आतड्याचा कॅन्सर कमी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या बायकांचं सरासरी वय होतं ६३! हा अभ्यास वाफांसाठी नव्हताच, गोळीने म्हातारपणी हृदयविकार टळतो का हे बघायला होता. ६३ वर्षांच्या बाईला पहिल्यांदा हार्मोन सुरू करणं आणि बावन्नच्या आत्याला, पाळी जाऊन वर्षच झालेलं असताना देणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसरीला दिलं गेलं. पुढे वयानुसार आकडे वेगळे काढल्यावर हे दिसलं, आता साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास जास्त असेल आणि ब्रेस्ट कॅन्सर, रक्ताची गुठळी, स्ट्रोक असं काही झालेलं नसेल तर फायदा तोट्यापेक्षा जास्त असं बहुतेक तज्ज्ञ संघटना सांगतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने या औषधांवरची जुनी काळ्या चौकटीतली ताकीद काढायचं जाहीर केलं. आत्या आता पंच्याहत्तरची. तिला सांगितलं तर म्हणाली, मग माझी ती सहा वर्षं?

आणि वाफेचं कारण? ते एका कोपऱ्यात चाललेलं काम होतं. ॲरिझोनामध्ये नेओमी रान्स ही मेंदूच्या पेशी तपासणारी डॉक्टर, तिने मरण पावलेल्या बायकांचे मेंदू बघितले तेव्हा पाळी गेलेल्यांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमस या भागात काही पेशी फुगलेल्या दिसल्या, हे तिने १९९० च्या आसपास छापलं. हळूहळू उलगडलं ते असं की या पेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो, तो सुटला की त्या जास्तच काम करायला लागतात आणि शेजारीच शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र आहे, त्याला चुकीचा निरोप जातो. दुसरीकडे डेट्रॉइटमध्ये रॉबर्ट फ्रीडमन यांनी दाखवलं होतं की वाफा येणाऱ्या बायकांचा 'ना थंडी ना गरमी' हा पट्टा फारच चिंचोळा झालेला असतो, जरासं तापमान वाढलं, चहा घेतला, फोडणीसमोर उभं राहिलं की मेंदूला वाटतं आग लागली, कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतात, घाम सुटतो, आणि मग गरजेपेक्षा जास्त गार होऊन हुडहुडी. म्हणजे अडीच वाजताचा माझा पंख्याचा खेळ. त्या पेशींवरच काम करणारं बिनहार्मोनचं औषध, फेझोलिनेटंट, अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं, पुढे दीड वर्षात त्याला लिव्हरबद्दल कडक ताकीद लागली, म्हणजे तेही डोळे मिटून घ्यायचं नाही.

हे कळल्यावर घरगुती गोष्टींचाही अर्थ लागतो. सुती कपडे, अंगावर एकावर एक पातळ थर, रात्री जाड रजईऐवजी दोन चादरी, गरम तिखट आणि दारू कमी, हे सगळं त्या चिंचोळ्या पट्ट्याच्या आत रहायची धडपड आहे. त्याने वाफ थांबत नाही, निभावून नेता येते. किती दिवस निभवायचं? अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या एका मोठ्या अभ्यासात सरासरी सात वर्षांच्या वर निघाली, आणि ज्यांना पाळी सुरू असतानाच वाफा लागतात त्यांना तर आणखी जास्त. "होईल कमी" म्हणणाऱ्या डॉक्टरांनी हे पण सांगायला हरकत नव्हती. हार्मोन चालत नाही त्यांच्यासाठी डिप्रेशनच्या काही गोळ्या कमी डोसमध्ये चालतात, सीबीटी नावाच्या बोलण्याच्या उपचाराने वाफा तेवढ्याच राहिल्या तरी त्यांचा जाच आणि झोपमोड कमी होते. खाली कोरडेपणा, जळजळ, सारखी लघवी यावर तिथेच लावायचं इस्ट्रोजेन क्रीम असतं आणि ते रक्तात फार थोडं जातं, पण हे विचारायची लाज आणि सांगायचा कंटाळा यात ते राहून जातं. सोयाबीन, शतावरी यांचा पुरावा जेमतेम आहे, घ्यायचं तर घ्या.

आणि हे सगळं ज्यांची पाळी आपोआप गेली त्यांचं. जून २०१९ मध्ये विधिमंडळात सांगितलं गेलं की एकट्या बीड जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ गर्भपिशव्या काढल्या गेल्या, नंतर नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, कित्येक पस्तिशीच्याही आतल्या, पाळीत खाडा पडला की मुकादम दंड लावतो म्हणून. पिशवीबरोबर बीजकोषही काढले तर इस्ट्रोजेन एका रात्रीत जातं, सावकाश नाही, आणि वाफा जास्त जोरात येतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. अशा तरुण बाईला पाळी जाण्याचं नैसर्गिक वय होईपर्यंत हार्मोन द्यावं याबद्दल डॉक्टरांत फारसा वाद नाही. २००२ ची ती ६३ वर्षांच्या बायकांवरून आलेली भीती हिला लागूच नव्हती. पण फडात कोयता चालवताना अंगातून निघणारी वाफ उन्हाची की ऑपरेशनची, हे तिला कोणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.