गाण्याचं नाव राहतं कुठे? फोटो आणि म्युझिक लायब्ररीची पार्श्वभूमी

फोटोंचं ॲप उघडलं की वर्ष, महिना, चेहरे, ठिकाणं सगळं लावलेलं मिळतं, गाण्यांचंही तसंच, अल्बम, गायक, कव्हर जागच्या जागी. पण ही माहिती असते कुठे? एकतर ती फाइलच्या आतच लिहिलेली असते, नाहीतर सॉफ्टवेअर ती स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं. पहिल्या प्रकारात फाइल जाईल तिथे माहिती सोबत जाते, दुसऱ्यात मागे राहते. गेल्या ३० वर्षांत या बाबतीत जे काही झालं ते बरंचसं याच ओढाताणीतून झालंय, म्हणून तिथूनच सांगते.

आधी गाणी. ऑडिओ सीडीचं स्टँडर्ड १९८० चं, आणि त्यात गाण्यांची नावं लिहायची सोयच नव्हती. सीडी कंप्युटरमध्ये टाकली की ट्रॅक १, ट्रॅक २ एवढंच. डिस्कवरच नावं लिहायची सोय, सीडी-टेक्स्ट, नंतर १९९६ मध्ये आली, पण बहुतेक डिस्कवर ती नसायचीच. यावर टी कान आणि स्टीव्ह शर्फ यांनी जी युक्ती काढली ती मला आजही जबरदस्त वाटते: डिस्कवर किती ट्रॅक आहेत आणि प्रत्येक ट्रॅक कुठे सुरू होतो यावरून एक आकडा काढायचा, आणि तो आकडा घेऊन नेटवरच्या यादीत अल्बम शोधायचा. हीच सीडीडीबी. यादीतली नावं मात्र हजारो लोकांनी आपापल्या सीडी समोर ठेवून हाताने टाइप केलेली होती. पुढे ती यादी ग्रेसनोट नावाने धंद्यात गेली, टाइप करणाऱ्यांना ते लागलं (आणि लागणारच की, कष्ट त्यांचे होते), मग तशीच पण सगळ्यांना मोकळी अशी फ्रीडीबी आली आणि २००० मध्ये रॉबर्ट केय यांनी म्युझिकब्रेन्झ हा गाण्यांच्या माहितीचा खुला साठा सुरू केला, तो अजून चालू आहे आणि अजूनही लोकच भरतात.

तोवर एमपी३ घराघरात पोचलं होतं, पण त्या फॉरमॅटमध्येही नावाला जागा नव्हती, होतं ते फक्त फाइलचं नाव. १९९६ मध्ये एरिक केम्प यांनी सरळ फाइलच्या शेवटी १२८ बाइटचा एक तुकडा चिकटवला, तोच आयडी३ टॅग. शेवटी चिकटवायचं कारण असं की जुन्या प्लेयरला तो कळला नाही तरी गाणं वाजून झालेलं असतं. हिशोब बघा: 'टॅग' या खुणेला ३ बाइट, गाण्याचं नाव ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३०, आणि संगीतप्रकाराला १ बाइट, म्हणजे प्रकाराचं नाव नाही, ठरलेल्या यादीतला नुसता नंबर. नाव ३० अक्षरांपेक्षा मोठं असलं की मधेच तुटायचं. ट्रॅक नंबर तर राहूनच गेला होता, तो पुढच्या वर्षी शेऱ्याच्या शेवटचे २ बाइट घेऊन बसवला. १९९८ मध्ये दुसरी आवृत्ती आली, ती फाइलच्या सुरुवातीला बसते, तिच्यात कव्हरचं चित्रही मावतं आणि रोमन सोडून बाकीच्या लिप्याही धड लिहिता येतात, पहिल्या टॅगमध्ये त्यांची नुसती प्रश्नचिन्हं व्हायची.

टॅग आले म्हणून लायब्ररी आली. १९९७ चं विनॅम्प हे गाणी वाजवायचं सॉफ्टवेअर आधी फक्त प्लेलिस्ट वाजवायचं, फोल्डर लावायचं काम आपलं. साउंडजॅम हा प्रोग्राम ॲपलने २००० मध्ये घेतला आणि जानेवारी २००१ मध्ये त्याचाच आयट्यून्स झाला. त्याच वर्षी आयपॉड, ५ जीबी, १००० गाणी. एवढी गाणी फोल्डरमध्ये शोधायची म्हणजे वैताग, मग फोल्डर मागे पडले आणि गायक, अल्बम, प्रकार असे रकाने पुढे आले. पण रेटिंग, किती वेळा वाजलं, प्लेलिस्ट हे सगळं आयट्यून्स आपल्या लायब्ररीच्या फाइलमध्ये ठेवायचं, गाण्यात नाही. कंप्युटर बदलताना फक्त गाणी कॉपी केली की नावं आली आणि रेटिंगचे तारे गेले, असं कितीतरी जणांचं झालंय.

आणि एक गोष्ट, जी अजून छळते. १२ गाणी, १२ वेगळे गायक असा अल्बम असला की कलाकारानुसार लावताना त्याचे १२ तुकडे होतात. टॅगच्या दुसऱ्या आवृत्तीतही 'अल्बमचा कलाकार' असा रकानाच नव्हता, मग बँड किंवा वाद्यवृंदासाठी ठेवलेला रकाना प्लेयरवाल्यांनी त्या कामाला जुंपला. तुमच्याकडे एखादा अल्बम फुटलेला दिसत असेल तर आधी तो रकाना बघा.

फोटोंचं नशीब थोडं बरं होतं. एक्झिफ हे स्टँडर्ड जपानमध्ये १९९५ ला ठरलं आणि तारीख, वेळ, कॅमेरा, एक्सपोजर हे कॅमेराच फाइलमध्ये लिहायला लागला. कॅमेऱ्याच्या कार्डवरचा डीसीआयएम नावाचा फोल्डर आणि ८ अक्षरी फाइलनावंही (शेवटचे ४ आकडे) तेव्हाच्याच काळात ठरली, म्हणून ९९९९ नंतर नंबर पुन्हा १ पासून सुरू होतात आणि एकाच नावाचे २ फोटो भांडतात. तारखेत एक खोट होती, टाइमझोन नव्हता, तो २०१६ मध्ये आला, त्यामुळे जुन्या परदेशवारीचे २ कॅमेऱ्यांतले फोटो एकत्र केले की संध्याकाळ सकाळच्या आधी येऊन बसते.

पण फोटोत कोण आहे हे कॅमेऱ्याला कुठून कळणार. ते सॉफ्टवेअरकडे आलं. २००२ चं ॲपलचं आयफोटो सगळे फोटो आपल्या लायब्ररीत ओढून घ्यायचं, गूगलचं पिकासा मात्र फोल्डर होते तिथेच ठेवून फक्त लक्ष ठेवायचं आणि केलेले बदल शेजारच्या छोट्या फाइलमध्ये लिहायचं, मूळ फोटोला हात न लावता. ही पद्धत मला जास्त पटते. २००९ मध्ये दोन्हीकडे चेहरे ओळखणं आलं, लोकांनी रात्र रात्र बसून नावं दिली. पिकासा २०१६ मध्ये बंद झालं.

माझंही झालंय असं, दुसऱ्याच एका प्रोग्राममध्ये. आजीच्या जुन्या फोटोंना कॅप्शन लिहिली होती, कोण कुणाची मावशी, कुणाचं लग्न, तिला विचारून विचारून. प्रोग्राम बंद पडला, फोटो सगळे मिळाले, कॅप्शन त्याच्या डेटाबेसमध्येच गेली. आणि तोवर आजी नव्हती.

यावरचा उपाय खरं तर २००१ पासून आहे, ॲडोबीचं एक्सएमपी, ज्यात कॅप्शन, कीवर्ड, रेटिंग फाइलमध्येच लिहिता येतं. लाइटरूम, डिजीकॅम या फोटोंच्या दोन्ही प्रोग्राममध्ये ही सोय आहे, पण लाइटरूममध्ये ती आपोआप होत नाही, सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागते. मी एखादा नवीन प्रोग्राम घेतला की आधी एका फोटोला कॅप्शन देते, तो फोटो दुसऱ्या कंप्युटरवर दुसऱ्याच प्रोग्राममध्ये उघडते, आणि कॅप्शन दिसली तरच बाकीचे फोटो आत टाकते.