दोन महिन्यांपूर्वीचा ताप

तपासणीसाठी वीर्याचा नमुना घरून आणायचा असेल तर लॅबवाले सांगतात: डबी शर्टाच्या आत अंगाला लागून ठेवा आणि तासाभरात काउंटरवर द्या. मग नवरा स्कूटरवर, सिग्नलला थांबला की एक हात आपोआप छातीशी. यात विनोद वाटला तरी कारण पक्कं आहे. वीर्य गार पडलं की शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि रिपोर्ट उगाच वाईट येतो. आधीचे २ ते ७ दिवस वीर्यपात झालेला नसावा. आणि सुरुवातीचे थेंब डबीबाहेर सांडले तर तेही सांगून टाकावं, कारण सगळ्यांत जास्त शुक्राणू त्या पहिल्या हिश्शातच असतात. लाजेपोटी हे कुणी बोलत नाही. मग कागदावर ‘काउंट’, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी दिसतो आणि घरात सुतक.

शिवाय हा कागद आजचा नसतोच. वृषणातल्या मूळ पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू घडायला साधारण ६४ दिवस लागतात. एवढं होऊनही त्याला पोहता येत नाही. वृषणाला चिकटून अधिवृषण नावाची नळी असते, वेटोळी घालून बसलेली. उलगडली तर सुमारे ६ मीटर भरेल. ती पार करताना, पुढच्या आठवडा-दोन आठवड्यांत, तो पोहायला शिकतो. सगळे मिळून अडीच महिने. गणपतीत दिलेल्या नमुन्याची पेरणी मृगाच्या सुमारास झालेली असते म्हणा ना. मधल्या पावसात डेंगीनं चार दिवस १०३ ताप काढला असेल, तर त्याची नोंद या रिपोर्टात सापडते. ताप विसरलेला असतो, माणूस खडखडीत बरा असतो, आणि काउंट मात्र पडलेला. म्हणून एका रिपोर्टावर निदान करायचं नसतं. काही आठवडे जाऊ देऊन तपासणी पुन्हा करतात.

तापाचा एवढा त्रास का? वृषणं शरीराबाहेर लटकतात ती शरीरापेक्षा २ ते ४ अंश गार राहण्यासाठी. आत येणाऱ्या गरम रक्ताच्या रोहिणीभोवती नीलांचं जाळं असतं. परतणारं गार रक्त येणाऱ्याची ऊब काढून घेतं. या नीलांच्या झडपा बिघडल्या की रक्त साचून त्या फुगतात. यालाच व्हेरिकोसील म्हणतात, आणि ते बहुधा डाव्या बाजूला होतं. सर्वसाधारण पुरुषांत सुमारे १५ टक्के, तर मूल न होणाऱ्यांत ३५ ते ४० टक्के. अनेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही. पण काउंट कमी असेल आणि फुगलेल्या नीलांची गाठ हाताला लागत असेल, तर शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकतो.

रिपोर्टातले आकडे वाचतानाही घोटाळा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेत एका मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा दिली आहे. ती काढली कशी? ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले, अशा पुरुषांची मोजणी करून तळाच्या ५ टक्क्यांपाशी रेघ मारली. म्हणजे रेघेखालचेही काही जण बाप झालेलेच होते. शुक्राणूंच्या आकाराच्या रकान्यात तर ४ टक्के नीट असले तरी चालतात. ‘९६ टक्के ॲबनॉर्मल’ वाचून रात्रभर जागणाऱ्याला हे कुणीतरी काउंटरवरच सांगायला हवं.

मला खरी काळजी वाटते ती जिममधल्या इंजेक्शनांची. दंड भरावेत म्हणून टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्या पोराला वाटतं, पुरुषी हार्मोन आहे, म्हणजे पुरुषत्व वाढणार. घडतं उलटं. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्ताच्या कितीतरी पट असावं लागतं, आणि ते वृषणानं स्वतःच तयार करायचं असतं. बाहेरून डोस आला की मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीला वाटतं, माल भरपूर आहे. ती वृषणाला हुकूम पाठवणंच बंद करते. आतला कारखाना थांबतो. हे इतकं खात्रीचं आहे की १९९०मध्ये याच हार्मोनची गर्भनिरोधक म्हणून केलेली चाचणी प्रसिद्ध झाली: सात देशांतले पुरुष, दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम. निम्म्याहून अधिक जणांचा काउंट सहा महिन्यांत शून्यावर आला. थांबवल्यावर बहुतेकांचा परत येतो, पण त्याला महिने लागतात, काहींना वर्षाहून जास्त.

भिंतीवरच्या जाहिरातींतली चूर्णं वेगळीच. ‘शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य’ हा हिशेब कुठल्याच प्रयोगशाळेत जुळत नाही. वीर्याचा बहुतांश द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेटमधून येतो. शुक्राणूंचा वाटा जेमतेम काही टक्के. जस्त आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या अमेरिकेत २,३७० जोडप्यांमध्ये नीट तपासल्या, निष्कर्ष २०२०मध्ये आले: मूल होण्याच्या प्रमाणात फरक शून्य. तंबाखू सोडणं, पोट कमी करणं आणि साखर ताब्यात ठेवणं याला जाहिरात लागत नाही. फळ दिसायला मात्र तेच अडीच-तीन महिने.

ताठरता येत नाही ही तक्रार वेगळी. तिचा काउंटशी थेट संबंध नाही. पण ती अंगावर काढू नये. लिंगातल्या रोहिण्या हृदयाच्या रोहिण्यांपेक्षा बारीक, म्हणून तुंबण्याची चाहूल तिथे आधी लागते. चाळिशीत असं झालं तर साखर, रक्तदाब, हृदय तपासावं. छातीत दुखतं म्हणून जिभेखाली गोळी ठेवणाऱ्यांनी तर ताठरतेचं औषध मेडिकलमधून परस्पर घेऊच नये. दोन्ही औषधं मिळून रक्तदाब धोकादायक खाली येतो.

मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडचंही कारण असतं. तरी सोनोग्राफी, रक्त, गर्भनलिकांचा एक्सरे असं बायकोचं सगळं आटोपल्यावर नवऱ्याची डबी निघते. काउंट अगदी शून्य असला, तरी अनेकांच्या वृषणातून सुईनं किंवा छोट्या शस्त्रक्रियेनं शुक्राणू मिळतात, आणि १९९२पासून वापरात आलेल्या इक्सी तंत्रात, म्हणजे शुक्राणू सुईनं थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या पद्धतीत, एका बीजासाठी एकच पुरतो. त्यासाठी लागणारी बीजं पिकवायला दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शनं मात्र बायकोच घेते.