संकेतस्थळ बंद पडले खरे, पण पाडले कोणी?

मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरनंतरच्या आठवड्यात, ठाण्यातील आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकाच संध्याकाळी दोन संदेश आले. पहिल्यात दोन-तीन दिवस एटीएम बंद राहणार असल्याने पैसे काढून ठेवा, असे होते. दुसऱ्यात आपल्या मुलांनी पाकिस्तानचे एक सरकारी संकेतस्थळ पाडल्याचा स्क्रीनशॉट होता. पहिल्याने घबराट झाली आणि दुसऱ्याखाली तिरंग्यांची रांग लागली. एटीएमची बातमी खोटी असल्याचे पत्र सूचना कार्यालयाने लगेच जाहीर केले, पण तोवर कोपऱ्यावरच्या एटीएमपुढे माणसे उभी होती. भीती आणि आनंद या दोन्हींच्या मुळाशी मला एकच गैरसमज दिसतो. संकेतस्थळ उघडत नाही म्हणजे कोणीतरी आत घुसले आहे, आणि तो कोण हे उघडच आहे, असे आपण धरून चालतो.

महापे येथे मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र सायबर विभागाने त्याच महिन्यात सांगितले की, पहलगामनंतर भारतातील संकेतस्थळांवर सुमारे १५ लाख सायबर हल्ले झाले आणि त्यांतले केवळ १५० यशस्वी ठरले. यशस्वी हल्ल्यांत आपल्या जिल्ह्यातील कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या संकेतस्थळाचे विद्रूपीकरणही होते. विद्रूपीकरण म्हणजे दर्शनी पानावर आपला मजकूर चिकटवणे. दुकानाच्या शटरवर कोणी काही रंगवले म्हणून गल्ला लुटला गेला असे होत नाही. संकेतस्थळ ‘पाडणे’ ही तर त्याहूनही वेगळी गोष्ट आहे. तिथे आत शिरण्याची गरजच नसते, दारात गर्दी केली की पुरते.

ही गर्दी कशी जमवतात, हा माझ्या अत्यंत आवडीचा विषय असल्याने त्यावर थोडे थांबतो. इंटरनेटवरील माहिती पॅकेट नावाच्या छोट्या तुकड्यांच्या रूपाने जाते आणि प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा असे दोन पत्ते असतात. पाठवणाऱ्याचा पत्ता पाठवणारा स्वतःच लिहितो. पोस्टकार्डावर मी नौपाड्यातून ‘प्रेषक’ म्हणून वाशीतल्या एखाद्या माणसाचा पत्ता लिहिला, तर पोस्टमन तो तपासत बसत नाही आणि उत्तर वाशीला जाते. इथेही तसेच घडते. टीसीपी या पद्धतीत संभाषणाआधी दोन्ही बाजूंनी होकार द्यावा लागतो, त्यामुळे खोटा पत्ता टिकत नाही. यूडीपी या पद्धतीत मात्र होकाराची पायरीच नाही. प्रश्न आला की सर्व्हर, म्हणजे उत्तर देणारा संगणक, उत्तर पाठवून मोकळा होतो.

आता हल्लेखोर काय करतो पाहा. तो जगभरातल्या हजारो निरुपद्रवी सर्व्हरांना छोटे छोटे प्रश्न पाठवतो, पण प्रत्येक प्रश्नावर प्रेषक म्हणून आपल्या सावजाचा पत्ता घालतो. सगळी उत्तरे सावजाच्या दारात येऊन पडतात, आणि उत्तर प्रश्नापेक्षा कितीतरी मोठे असते. संकेतस्थळांची नावे पत्त्यांत बदलून देणाऱ्या डीएनएस सर्व्हरला सुमारे ६० बाइटचा प्रश्न विचारून ३,००० बाइटचे उत्तर काढता येते, म्हणजे पन्नासपट. मेमकॅश्ड नावाच्या साठवण-प्रणालीत हे प्रमाण ५१,००० पटींपर्यंत जाते. १५ बाइटच्या प्रश्नाला सुमारे ७५० किलोबाइटचे उत्तर! याच युक्तीने २८ फेब्रुवारी २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर सेकंदाला १.३५ टेराबिटचा लोंढा सोडण्यात आला होता. सावजाच्या नोंदवहीत मात्र त्या निरुपद्रवी सर्व्हरांचेच पत्ते उमटतात. त्यांवरून ‘हल्ला अमुक देशातून आला’ असे म्हणणे म्हणजे लिफाफ्यावरच्या शिक्क्यावरून पत्रलेखकाचे गाव ठरवणे होय. दूरचित्रवाणीवर झळकणारे हल्ल्यांचे रंगीत ‘थेट नकाशे’ बहुतांशी हे शिक्केच दाखवतात, आणि त्यांवरून युद्धाचे निकाल जाहीर करणाऱ्या निवेदकांचा मला मनापासून संताप येतो.

दुसऱ्या प्रकारात खोट्या पत्त्याचीही गरज उरत नाही, कारण पत्ता खराच असतो, पण एखाद्या निरपराध माणसाचा. २०१६ मध्ये मिराई या प्रोग्रामने कारखान्यातून आलेल्या नाव-पासवर्डांच्या ६२ जोड्या आळीपाळीने लावून पाहत लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने डाइन या डीएनएस कंपनीला जाम केले आणि अमेरिकेतील अनेकांना ट्विटर, नेटफ्लिक्स उघडता येईना. अध्यक्षीय निवडणूक तोंडावर असल्याने अनेकांचा संशय रशियावर गेला. प्रत्यक्षात मिराई बनवल्याची कबुली दिली ती तीन तरुण अमेरिकनांनी, आणि त्यांचे लक्ष होते माइनक्राफ्ट या खेळाच्या सर्व्हरांच्या धंद्यावर.

पुराव्याआधीच दोषी ठरवून टाकणे आपल्याकडेही घडले आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी कळवा-पडघा वाहिन्यांवरील बिघाडातून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज गेली आणि लोकल जागीच थांबल्या. पुढच्या मार्चमध्ये राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता मांडली, तर केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. आमच्या इमारतीत मात्र ‘चीनने वीज घालवली’ हे आजही सिद्ध झाल्यासारखे बोलले जाते.

त्या मे महिन्यात शेजारचा, अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला होता. ‘काका, या लिंकवरचं टूल चालवलं की आपणही त्यांची साइट पाडू शकतो. चालवू का?’ मी त्याला पडद्यावर दाखवले की, ते टूल टीसीपी वापरते, म्हणजे प्रत्येक पॅकेटवर त्याच्या घरातल्या जोडणीचा खरा पत्ता असणार. शिवाय माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ नुसार हा तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्याचा उत्साह मला खोटा वाटला नाही. म्हणूनच त्याला घेऊन मी खाली वॉचमनच्या केबिनमध्ये गेलो. तिथे सोसायटीच्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर इंटरनेटला जोडलेला होता, आणि त्याच्या मागच्या स्टिकरवर छापलेला ‘अ‍ॅडमिन’ हाच पासवर्ड तीन वर्षे तसाच चालू होता. तो बदलायला आम्हाला चार मिनिटे लागली.