पातळ थर म्हणजे कमी वीज नव्हे

मुंबईतल्या सोसायटीच्या सभेत गच्चीवरील सौर पॅनेलचा विषय निघाला की ‘प्रकाश शोषणारा थर जितका जाड, तितकी वीज जास्त’ हे वाक्य हमखास ऐकू येते. हा समज चुकीचा आहे. नेहमीच्या पॅनेलमधले सिलिकॉन प्रकाश सावकाश शोषते, म्हणून त्याची चकती सुमारे १५० मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड ठेवतात. तीच काही मायक्रोमीटरपर्यंत झिजवून दिव्यासमोर धरली, तर तांबूस उजेड आरपार दिसतो. याउलट पातळ थराच्या पॅनेलमध्ये काचेवर चढवतात त्या कॅडमियम टेल्युराइड या पदार्थाचा २-३ मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाहून कितीतरी पातळ, थर जवळजवळ सगळा दृश्य प्रकाश टिपतो आणि काच काळीभोर दिसते.

जाडी वाढवली तर उलट नुकसानच होऊ शकते, कारण प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन विद्युताग्रापर्यंत, म्हणजे वीज बाहेर नेणाऱ्या टोकापर्यंत, पोहोचण्याआधीच वाटेतल्या दोषांत अडकून वाया जातात. म्हणून संशोधक थर जाड करण्याऐवजी त्यावर नॅनो-रचना, म्हणजे अतिसूक्ष्म उंचवटे-खाचा, घडवतात, जेणेकरून प्रकाश आतल्या आत वळून अधिक अंतर कापतो.

तेवढ्याच विजेसाठी पातळ थराच्या पॅनेलना बहुधा थोडी जास्त जागा लागते, ही तक्रार मात्र खरी आहे, आणि मुंबईच्या अरुंद गच्चीवर ती महत्त्वाचीही आहे. पण तिचे मूळ जाडीत नसून थरातील दोषांत आहे.