गाय आधी आली, वैरण राहून गेली : विदर्भातील दुधाची पार्श्वभूमी

विदर्भात दूध कमी का, असे विचारले की नागपुरात एक उत्तर हमखास मिळते: इथला शेतकरी कापसाचा, त्याला दुधाची गोडी नाही. हे उत्तर शेतकऱ्यावर अन्याय करणारे आहे.

1970 ते 1996 या काळात दुधाच्या महापूर योजनेने (ऑपरेशन फ्लड) देशाचे दूध वाढले. पण सहकारी संस्थांचे जाळे पश्चिम महाराष्ट्रात रुजले तसे इथे रुजले नाही. संकलन बराच काळ शासकीय योजनेच्याच भरवशावर राहिले. पुढे सोयाबीन पसरले, ज्वारी हटली आणि तिच्याबरोबर कडबाही गेला. सोयाबीनचे कुटार (मळणीनंतरचा भुसा) मिळते, पण त्यावर दुभते जनावर पोसत नाही.

अशा शिवारात 2006 चा वादग्रस्त निर्णय आला. जुलैमध्ये विदर्भातील सहा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे 3,750 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. नागपूर त्यात नव्हते, शेजारचा वर्धा होता. त्यात संकरित गायी निम्म्या अनुदानावर द्यायचे ठरले. कापूस बुडाला तरी दुधाचा पैसा रोज घरात येईल, हा विचार पटण्यासारखा होता. क्रम मात्र उलटा लागला. संकरित गाईला हिरवा चारा लागतो, सरकीची ढेप लागते, 45 अंशांच्या उन्हात सावली आणि भरपूर पाणी लागते. दुधाच्या खर्चात निम्म्याहून अधिक वाटा चाऱ्या-खाद्याचाच. कोरडवाहू शेतकऱ्याने हे आणायचे कुठून? निम्मी किंमत पदरची घातलेल्या अनेकांना गाय विकावी लागली, आणि ठपका त्यांच्याच आळसावर आला. वर्धा-नागपूर पट्ट्यातली गवळाऊ ही देशी गाय दूध कमी देते, पण इथले ऊन सोसते. तिचा विचार मागेच पडला.

2016 नंतर विदर्भ-मराठवाडा दुग्धविकास प्रकल्पातून 11 जिल्ह्यांत गावपातळीवर संकलन सुरू झाले आणि दुधाचे पैसे थेट खात्यात येऊ लागले. खरा बदल इथून दिसतो. 2024 मध्ये लिटरमागे पाच रुपये अनुदान आले, पण फक्त गाईच्या आणि सहकारी वा खासगी दूध प्रकल्पाला घातलेल्या दुधाला. म्हैसवाला आणि शहरात रतीब घालणारा गवळी बाहेरच राहिले.

दुग्धविकास प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात आता 19 जिल्हे आहेत. जनावरांच्या वाटपासोबत बहुवार्षिक वैरण, कडबाकुट्टी यंत्र आणि मुरघास (हवाबंद साठवून मुरवलेला हिरवा चारा) यांनाही मदत आहे. विहीर नसलेल्याने ती वैरण कशाच्या पाण्यावर लावायची, याचे उत्तर अजून मिळायचे आहे.