मोडायच्या आधीच रॉड

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपून काही वर्षं झाली, बाई घरचं सगळं करते, आणि मग मांडी दुखायला लागते. आधी चालताना, पुढे रात्री झोपेतही. घरचे वात समजून तेल चोळतात, कुणी हाडवैद्याकडे मालिशला नेतात. एक दिवस बाथरूममध्ये नुसतं वळताना हाड मोडतं, आणि गडचिरोली नाहीतर बालाघाटहून पेशंटला आडवं घालून नागपूर गाठावं लागतं. कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाचं असं दुखणं मालिशचं नव्हे, एक्स-रेचं आहे.

स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, किडनी आणि थायरॉइडचे कॅन्सर हाडात जास्त पसरतात. (आपल्याकडचा तंबाखू-सुपारीच्या खर्र्याने होणारा तोंडाचा कॅन्सर मात्र लांब हाडांत क्वचितच पोचतो.) हाड पोखरतात त्या प्रामुख्याने शरीराच्याच पेशी. जुनं हाड काढून नव्याला जागा करून देणं हे त्यांचं रोजचं काम. कॅन्सर त्यांना भडकवतो.

हाड मोडेल का, याचा अंदाज बांधण्यासाठी 1989 सालापासून मिरेल्स या डॉक्टरांची गुणपद्धत वापरतात. जागा, दुखणं, गाठीचा प्रकार आणि तिचा आकार, प्रत्येकाला 1 ते 3 गुण. खुब्याजवळची गाठ, तीही हाड पोखरणारी, म्हणजे 3 अधिक 3. वजन टाकलं की कळ येते, त्याचे आणखी 3. एकूण 9 किंवा जास्त भरले, तर हाड मोडायची वाट न पाहता आत धातूचा रॉड घालतात. त्यात रक्त कमी जातं, पेशंट लवकर उठतो.

हाड मोडलंच, तर नुसत्या प्लास्टरने सहसा भागत नाही, कारण असं हाड नीट जुळत नाही. खुब्यापासून गुडघ्यापर्यंत लांब रॉड हाडाच्या आतल्या पोकळीतून सरकवतात. गाठ खरवडल्यावर मोठा खड्डा उरला तर त्यात हाडाचं सिमेंट भरतात. पावडर आणि द्रव एकत्र केले की त्याचा कणकेसारखा गोळा होतो, तापतो आणि साधारण दहा-पंधरा मिनिटांत दगडासारखा घट्ट होतो. खुब्याची मान मोडली असेल तर बहुतेक वेळा खुब्याचा गोळाच बदलतात.

“आता या अवस्थेत चिरफाड कशाला?” हा नातेवाइकांचा प्रश्न मायेपोटी येतो, पण त्याने पेशंटचं नुकसान होऊ शकतं. या ऑपरेशनने कॅन्सर बरा होत नाही, हे खरं. पण वेदना कमी होते, माणूस स्वतःच्या पायाने संडासला जातो, पाठीला जखमा होत नाहीत. शिवाय अंथरुणाला खिळलेल्या पेशंटला केमो देणं अनेकदा टाळावं लागतं. तो उभा राहिला तर पुढच्या उपचारांचा रस्ता खुला राहतो.

किडनी आणि थायरॉइडच्या गाठींत रक्तवाहिन्या फार असतात, म्हणून ऑपरेशनच्या एक-दोन दिवस आधी त्या आतून बंद करून घेतात. आणि गाठ एकच असेल, ती दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरचीच आहे हे सिद्ध झालेलं नसेल, तर आधी बायोप्सी. ती हाडाचाच मूळ कॅन्सर निघाली, तर घाईने घातलेला रॉड त्या पेशी मांडीभर पसरवतो, आणि मग पाय वाचवणंही अवघड होतं. जखम भरली की साधारण दोन-चार आठवड्यांनी रेडिएशन देतात, रॉड जिथून जिथपर्यंत गेला त्या सगळ्या हाडाला.