निळा, पांढरा, पुन्हा निळा : फ्रेंच पायदळाच्या कोटाची पार्श्वभूमी

नेपोलियनकालीन फ्रेंच शिपाई म्हटला की निळा कोट, छातीवर पांढरे पदर, आडवेतिडवे पांढरे पट्टे असं चित्र डोळ्यांपुढे येतं. पण १८०६-०७ मध्ये वर्षभर हा कोट पांढरा व्हायला निघाला होता, आणि काही रेजिमेंटांच्या अंगावर तो चढलाही होता. एरवी दोन ओळींत उरकला जाणारा हा प्रसंग मला त्या सैन्याच्या सगळ्या मोहिमांइतकाच बोलका वाटतो.

मागचं थोडक्यात. राजाच्या काळात पायदळ पांढऱ्यात होतं. १७८९ नंतर नागरी पलटणींनी निळा घातला, आणि पुढे जुने शिपाई व नवे स्वयंसेवक एकत्र गुंफले तेव्हा निळाच सगळ्यांचा झाला. ‘रेजिमेंट’ शब्दाला राजेशाहीचा वास येतो म्हणून तोही बदलून ‘दमी-ब्रिगाद’, म्हणजे अर्धी ब्रिगेड केला. १८०३ मध्ये रेजिमेंट हा शब्द गुपचूप परत आला. कोट मात्र निळाच राहिला, कारण तोवर तो क्रांतीचा रंग ठरला होता.

अडचण होती नीळ. आपल्याकडे धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांना देतात ती नव्हे; ती वेगळी वस्तू. ही झाडाच्या पाल्यातून निघणारी नीळ. तिच्या हौदातून कापड बाहेर काढलं की ते आधी हिरवट दिसतं आणि हवा लागता लागता निळं होतं. हा रंग पक्का, पण माल समुद्रापलीकडचा. फ्रान्सची कॅरिबियनमधली मोठी वसाहत १ जानेवारी १८०४ रोजी हैती म्हणून स्वतंत्र झाली. त्याआधीच, मे १८०३ मध्ये, इंग्लंडशी युद्ध पुन्हा सुरू झालं होतं आणि समुद्र इंग्लिश आरमाराच्या ताब्यात होता. बंगालची नीळ तेव्हा युरोपची बाजारपेठ काबीज करत होती, पण ती जात होती लंडनला. म्हणजे फ्रेंच शिपायाचा कोट रंगवायचा तर शत्रूच्याच गोदामातला माल, चोरट्या वाटेने, चढ्या भावात.

त्यावर तोड म्हणून २५ एप्रिल १८०६ चा हुकूम निघाला : लाइन पायदळ, म्हणजे रांगेत लढणारं नेहमीचं पायदळ, पांढऱ्यात. रंगाचा खर्चच नको. आठ-आठ रेजिमेंटांच्या गटाला कॉलर, कफ आणि छातीच्या पदरांसाठी एकेक रंग दिला : हिरवा, काळा, जांभळा, गुलाबी, पिवळा, आकाशी वगैरे. गटातली नेमकी कोणती रेजिमेंट ते कळायचं रंग कॉलरवर आहे की कफवर, बटणं पिवळी की पांढरी यावरून. कागदावर फार देखणं. प्रत्यक्षात कोट शिवायचे रेजिमेंटच्या डेपोतल्या शिंप्यांनी. एका कोटाची मुदत दोन वर्षं, त्यामुळे जुना फाटेल तसा नवा. मग नवा भरती झालेला पांढऱ्यात, शेजारचा जुना शिपाई निळ्यात, आणि दोघं एकाच रांगेत. पाहणीच्या दिवशी अधिकाऱ्यांची काय अवस्था होत असेल!

पांढऱ्याचं कारण सांगताना बहुतेक जण युरोपच्या बंदरबंदीकडे बोट दाखवतात. नेपोलियनने इंग्लंडचा माल अडवला, म्हणून नीळ संपली, म्हणून पांढरा. पण तारखा जुळत नाहीत. बर्लिनहून ती बंदी जाहीर झाली नोव्हेंबर १८०६ मध्ये, पांढऱ्याच्या हुकुमानंतर सात महिन्यांनी. टंचाई आधीची होती. बंदीने ती वाढवली, जन्माला घातली नाही. आणि गंमत अशी की टंचाई वाढत असतानाच, जून १८०७ मध्ये, पांढरा रद्द होऊन निळा परत आला. नीळ हेच एकमेव कारण असतं तर हे उलट व्हायला हवं होतं.

रद्द का झाला, याची गोष्ट तर त्याहून लाडकी. ८ फेब्रुवारी १८०७, पूर्व प्रशियातल्या आयलाऊचं रणांगण, बर्फ, पांढऱ्या कोटांवर रक्त, आणि ते पाहून हेलावलेला सम्राट म्हणतो, काय वाटेल तो खर्च होवो, निळा आणा. चित्रकाराला आवडावी अशी गोष्ट. मला ती पटत नाही. फेब्रुवारीत, त्या थंडीत, शिपाई कोटावर कापोत म्हणजे लांब ओव्हरकोट घालत. तो करड्या, तपकिरी, मिळेल त्या कापडाचा. शिवाय निळ्या कोटाखालचा जाकीट आणि विजार पांढरीच होती; रक्त तिथेही दिसायचंच. मळणारं कापड, एकाच पलटणीत दोन रंग आणि शिपायांची नाराजी एवढं कारण पुरेसं आहे. निळा घालून १८०५ मध्ये ऑस्टरलिट्झला ऑस्ट्रिया आणि रशियाला हरवलेल्या माणसाला पांढरा कसा आवडावा? तो तर ऑस्ट्रियाच्या शिपायाचा रंग.

या शेवटच्या मुद्द्याची किंमत दोन वर्षांनी फ्रान्सच्या मित्रांनी मोजली. जर्मनीतल्या सॅक्सनीचं पायदळ पांढऱ्यातच होतं. ५ जुलै १८०९ च्या संध्याकाळी, ऑस्ट्रियाविरुद्धच्या वाग्रामच्या लढाईत, अंधारात आणि धुरात, त्यांच्यावर त्यांच्याच बाजूच्यांनी ऑस्ट्रियन समजून गोळ्या झाडल्या.

निळा परत आला आणि नीळ शोधण्याची धडपड चालूच राहिली. तुलूजच्या परिसरात पूर्वी भरभराटीला असलेली पास्तेल वनस्पती पुन्हा लावायला लावली. तिच्यात रंगद्रव्य तेच, पण फार थोडं. दरम्यान रचनाही बदलली. फेब्रुवारी १८०८ मध्ये बटालियन नऊ कंपन्यांवरून सहावर आली : एक ग्रेनेडियर (निवडक धिप्पाड शिपाई), एक व्होल्टिजर (पुढे पसरून लढणारे चपळ शिपाई), चार फ्युझिलियर (साधे शिपाई). या चार फ्युझिलियर कंपन्या शाको टोपीवरच्या गोंड्यावरून ओळखायच्या : गडद हिरवा, आकाशी, नारिंगी, जांभळा. रंगाची हौस कोटावरून टोपीवर गेली म्हणायची. जानेवारी १८१२ च्या नियमांनी लांब शेपट्यांचा कोट आखूड करून छातीचे पदर कमरेपर्यंत बंद केले. पण तो कोट रशियात गेलेल्यांपैकी फारच थोड्यांना मिळाला; बहुतेकांच्या अंगावर चढला १८१३ मध्ये.

१८१५ नंतर राजा परत आला आणि पांढराही. रेजिमेंटा मोडून जिल्हावार ‘लेजियों’ केल्या, पांढऱ्या कोटात. १८२० मध्ये रेजिमेंटा आणि निळा दोन्ही पुन्हा. आता रंगाचा अर्थ उघडच राजकीय होता, नीळ मिळते की नाही हा प्रश्नच उरला नव्हता.

१८२९ मध्ये लाल विजार आली. आपल्या मंजिष्ठेच्या कुळातल्या गारांसच्या मुळांपासून हा रंग निघे, आणि दक्षिण फ्रान्समधल्या तिच्या शेतकऱ्यांचं त्यात भलं होतं. १८६९ नंतर तोच लाल कृत्रिम तयार होऊ लागला आणि ती शेतं ओस पडली. विजार मात्र लालच राहिली, जर्मन कारखान्यांच्या रंगाने. जुलै १९१४ मध्ये निळ्या, पांढऱ्या आणि लाल धाग्यांचं मिश्र कापड मंजूर झालं. महिन्याभरात युद्ध पेटलं, लाल रंग येईना. मग लाल धागा वगळून कापड विणलं, आणि जे फिकट निळं निघालं तेच १९१५ पासून फ्रेंच शिपायाने अंगावर घातलं.